त्याला प्रश्न ऐकू यायचा

सुदाम गेल्याचं मला मढच्या नामदेवनं फोनवर सांगितलं. त्याची वारूळवाडी माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आम्ही पहिलीपासूनचे सोबती… आणि बातमी आली ती तिकडं लांब, घाटाच्या तोंडाशी असलेल्या मढवरनं. रडू यायच्या आधी मनात आलं, ह्याला माझ्या आधी कसं कळलं? आज महिना झाला, ती सल गेलेली नाही.

नारायणगावात माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार सालानंतर इंटरनेट नीट चालू लागलं, तेव्हा शेतकऱ्यांसाठी ऑनलाइन चर्चामंच मी काढला. सुदाम दहावी शिकलेला, टोमॅटो करणारा. एका बोटानं टाईप करायचा. तरी वर्षभरात लोक मंचावर यायचे ते त्याच्यासाठी. एकदा नामदेवनं लिहिलं, 'पुस्तकं वाचून शेती शिकवता. आमच्या खाचरात या, मग कळंल. भाताची तळातली पानं पिवळी पडली, तुमचा सल्ला घाला चुलीत.' मी ती आगपाखड काढून टाकली. सुदाम क्लासवर आला तोच म्हणाला, "काढलीस व्हय? आरं, तो इचारतोय." त्यानं मला ती परत टाकायला लावली आणि खाली विचारलं, 'शेंड्याची पानं हिरवी हायेत का?' तासाभरात सरळ, नम्र उत्तर आलं. पुढच्या रविवारी सुदाम मोटारसायकलवर मढला जाऊन आला. मला चल म्हणाला होता. मी गेलो नाही.

उलट एकानं 'आदरणीय सर, कृपया मार्गदर्शन करावे' असं लिहिलं, तेव्हा मी दोन दिवस खपून उत्तर दिलं. त्यानं त्यातली एक चूक धरून मंचभर माझं हसं केलं. सुदाम म्हणाला, "ज्याला खरंच इचारायचंय, तो शिव्या देईल, पर सोताच्या रानातलं कायतरी सांगंलच. ह्यानं पानाचं न्हाई, पाण्याचं न्हाई, कायबी सांगितलं नव्हतं." हे मला का दिसलं नाही? मी सुदामशी चार महिने धड बोललो नाही. तो मात्र रोज क्लासवर येऊन बसायचा, चहा मागवायचा.

दहाव्यानंतर सुदामच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मला त्यांच्या घरी बोलावलं. "भावजी, कॉम्प्युटरवर काय आलंय बघा, मला न्हाई कळत." खिडकीशी त्याची खुर्ची, तिच्यावर घडी घातलेलं पोतं. त्यावर बसून मी मंच उघडला. पारगावच्या एका ऊसवाल्यानं लिहिलं होतं, 'दहा दिस झाले. फोटो टाकला, लावणीचं सांगितलं, उत्तर न्हाई. लई मोठे झालात राव. गरिबाला कोन इचारतंय? का बरं न्हाई तुमाला?'

माझं बोट तो मजकूर काढून टाकायच्या बटणावर गेलं होतं. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं.

"कोण हाय?" वहिनींनी विचारलं.

"सुदामची चौकशी करतोय."

मी त्याला खरं काय ते लिहिलं, फोटोतल्या उसाबद्दल मला कळलं तेवढंही लिहिलं. पण लिहिताना डोळ्यांत पाणी होतं आणि पोटात जळत होतं… इतक्या हक्कानं माझ्यावर आजवर कुणी चिडलेलं नाही.