शिंकेची रेघ

तिच्या नाकाचा मला फार हेवा वाटायचा.

नंदुरबारच्या कॉलेजात आम्ही दोघं विजेवर रंग बदलणारी काच तयार करत होतो. मी आणि धानोऱ्याहून येणारी माझी सहकारी. टंगस्टनच्या द्रावणात काच बुडवायची, हात जराही न हलवता सावकाश वर ओढायची, मग भट्टीत भाजायची. तारा जोडल्या की ती निळी झाली पाहिजे, उलट्या जोडल्या की पुन्हा स्वच्छ. सुरतेचा एक कारखाना आमच्यापैकी एकालाच घेणार होता. ज्याची काच सरस, त्याची नोकरी. मला ती हवीच होती.

हिवाळ्यात पथाऱ्यांवर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या मैदानांवर, मिरची वाळत पडते आणि अख्खं गाव शिंकतं. मी साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मळीच्या वासाला सरावलेला. मिरचीचा धुरळा मला सोसत नाही. काच अर्धी वर आली की हमखास शिंक यायची, हात हलायचा आणि निळ्या काचेत आडवी रेघ उमटायची. शेजारी ही बाई निवांत काच ओढत असायची.

"भाऊ, आज बी शिंक उनी का?" ती हसायची. "मी त मिरच्यासमाच मोठी व्हयनू."

तिचे वडील पथारीवर मुकादम होते. लोक वारशात शेत मिळवतात, हिनं नाक मिळवलं होतं! मी घरी सांगून ठेवलं, सुरतेला ती गेली तर ती नाकाच्या जोरावर जाईल.

शेवटी मी पहाटे यायला लागलो. दवानं धुरळा बसलेला असायचा. एक काच बिनशिंकेची निघाली, एकसारखी निळी. त्या दिवशी मी तिला स्वतःहून चहा पाजला.

निवडीच्या दिवशी आमच्या कॉलेजातल्या सरांनी दोन्ही काचा शेजारी ठेवल्या. दोन्ही सारख्याच निळ्या झाल्या. मग ते तारा उलटसुलट करत राहिले. तिची काच दर वेळी पाण्यासारखी स्वच्छ व्हायची. माझ्या काचेत मात्र फिकट निळं उरत गेलं, शेवटी तर गढूळच दिसायला लागलं. सरांनी सुरतेला पाठवायला तिची काच कापसात गुंडाळली.

ती माझ्याजवळ आली. "भाऊ, तुन्ही काच बी भारी व्हती."

अगदी मनापासून म्हणाली. एकदा तरी कुचकं बोलली असती, तर निदान तिचा राग करता आला असता.