बाईंचं ‘आमी न’

बोलावणं आलं होतं तेव्हा आपण गेलो नाही, आता कोणत्या तोंडाने जायचं? हाच विचार मनात घेऊन मी त्या दिवशी मेडशीला बसची वाट पाहत उभी होते. सकाळी शेजारच्या वनिताने कुंपणाजवळ येऊन सांगितलं, “काकू, तुमच्या शाळेच्या बाई वारल्या वो. वाशिमले. दुपारी माती हाय म्हणते.” मी हातातला विळा खाली ठेवला, लुगडं बदललं आणि निघाले. माती कुठे आहे, हे विचारायचंही सुचलं नाही.

वनिता वाशिमच्या एका दवाखान्यात कामाला जाते. बाई तिथे भरती असताना तिला भेटल्या होत्या. गावाचं नाव ऐकल्यावर त्यांनी आधी माझीच चौकशी केली आणि निरोप दिला, “तिले म्हणा, एकदा भेटून जाय.” मी म्हटलं, सोंगणी होऊ दे, मग जाते. सोयाबीन खरंच कापायचं उभं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला लाज वाटत होती.

बाई आमच्या शाळेत एकट्याच होत्या. चार वर्ग, एक खोली, एक बाई. त्या ख्रिस्ती होत्या, एवढंच आम्हाला माहीत. त्यांच्या कपाळाला कुंकू नसे आणि गळ्यात बारीक क्रूस असे. मेडशीला बसमधून उतरून त्या आमच्या गावापर्यंत पायी येत, पदर घामाने भिजलेला असे. पण आल्या आल्या चिडलेल्या कधी पाहिल्या नाहीत. शेतातलं काम करून उशिरा आलेल्या पोरांना त्या “काहून उशीर झाला?” असं विचारत नसत. दारातून थोडं बाजूला सरून म्हणत, “ये, बस.” एवढंच. मुलींच्या डोक्यात उवा झाल्या तर स्वतः तेल लावून फणी फिरवत. आमच्यातल्या कित्येकींच्या आयांनाही तेवढी सवड नव्हती.

मी फार लाजाळू. हजेरीला ‘हजर’ म्हणायचं तर गळ्यातून आवाजच निघत नसे. बाई माझ्याकडे पाहत, मान हलवत आणि पुढचं नाव घेत.

दुपारी डबा उघडण्याआधी त्या डोळे मिटून, मांडीवर हात जोडून पुटपुटत. शेवटचा शब्द तेवढा ऐकू येई. एकदा मी सगळं धाडस गोळा करून विचारलं, “बाई, तुमी शेवटी ‘आमी न’ काहून म्हणता?”

आमच्याकडे दार वाजलं आणि आतून कोणी विचारलं, “कोण हाय वं?” की बाहेरचं माणूस म्हणतं, “आमी न!” म्हणजे, आम्हीच, दुसरं कोण. मला वाटे, देव वरून विचारतो आणि बाई खालून ओ देतात. सारा वर्ग हसून लोळला. “आमी न, आमी न,” करत पोट्टे कितीतरी दिवस माझ्या मागे लागले. बाई हसल्या नाहीत. काहीतरी म्हणाल्या, पण त्या गलक्यात मला ते ऐकू आलं नाही. त्यानंतर शाळेत मी आपणहून कधी तोंड उघडलं नाही. चौथी झाली आणि माझी शाळा संपली.

बाईंना माझी तेवढीच गोष्ट आठवत असेल, असं मला जन्मभर वाटत राहिलं. म्हणून बोलावणं आल्यावरही पाय उचलला नाही. माणूस आपल्याला मूर्ख समजत असेल या भीतीने आपण त्याचं शेवटचं तोंडही पाहत नाही, हे मला त्या बसमध्ये कळलं. तोवर उशीर झाला होता.

वाशिमला उतरल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. मला बाईंचं नाव माहीत नव्हतं. आमच्यासाठी त्या फक्त बाई. एवढ्या मोठ्या गावात कोणाला काय विचारणार? ऊन चढत होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, तू त्यांचा अस की आमचा, मले तेवढं पोचव. आणि काही सुचेना म्हणून स्टँडबाहेरच्या फुलवालीकडून झेंडूचा हार घेतला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. “बाईकडं चालली का?”

मी चमकले. “कोणत्या बाई?”

“शाळेच्या. ख्रिस्ती होत्या थ्या. सकाळपासून खेड्यातले लोक हार घेऊन राह्यले अन् सारे तुह्यासारखेच भांबावलेले. मायी पोरगी इथल्या शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकली.” तिने गल्लाही शेजारी बसलेल्या तिच्या लहान नातीच्या भरवशावर सोडला आणि कोपऱ्यापर्यंत येऊन रस्ता दाखवला. “चाल लवकर, माय. कब्रस्तानात पोचले असतील.”

मी पोचले तेव्हा पेटी खड्ड्यात उतरवली होती. आत जावं की नाही, आमच्यासारख्यांनी गेलेलं चालतं की नाही, मला कळेना. मी फाटकाबाहेरच्या लिंबाखाली हार घेऊन उभी राहिले. त्यांच्या पाळकांची प्रार्थना संपली. सगळे म्हणाले, “आमेन.” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आमी न.” इतक्या मोठ्याने की मीच दचकले.

पुढे उभी असलेली, पांढरी ओढणी घेतलेली एक तरुण मुलगी वळली आणि सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, आता रागावते.

“तुम्ही काय म्हणाल्या?”

“चुकलं माय मायं.”

“नाही हो. मी नात आहे त्यांची. आजी जेवणाआधी असंच म्हणायची. आम्हाला लहानपणी वाटे, सगळे असंच म्हणतात. चर्चमध्ये मी एकदा मोठ्याने म्हटलं तर सारे हसले.” ती रडता रडता हसली. “आजी सांगायची, एका पोरीने तिला हे दिलं. वर्गात हजर म्हणायला लाजायची, पण देवाला बरोबर ओ दिली. दवाखान्यात रोज विचारायची, ‘ते लाजाळू पोट्टी आली का?’”

मी म्हटलं, “थेच मी. उशीर झाला न मले.”

ती फाटकातून थोडी बाजूला सरली. “या,” म्हणाली. तिच्या आजीची ती सवय तिला माहीत होती की नाही, मी विचारलं नाही.

मी मूठभर माती दिली. मनात खूप काही होतं, पण बाई नव्हत्या. ते दुःख माझं आहे आणि ते जाणार नाही. सोंगणी दोन दिवस मागे पडली असती तर काहीच बिघडलं नसतं.

पण बाईंचं नावही माहीत नसताना मी नेमकी त्याच फुलवालीपुढे कशी जाऊन उभी राहिले, याचा मी आता शोध घेत नाही. मला पोचवलं गेलं, तेवढं पुरे. शहाणं होऊन, लाज सोडून, मग देवापुढे जाऊ असं मला वाटायचं. बाईंनी मात्र माझा चुकलेला शब्दच जपून ठेवला होता आणि देवापुढे रोज तोच नेला होता.

आता संध्याकाळी आमच्या देव्हाऱ्यात दिवा लावला की मी डोळे मिटते आणि शेवटी तेच म्हणते. परवा घरधनी ओसरीवरून ओरडले, “कोणाले ‘आमी न’ म्हणून राह्यली वं? दारात तं कोणीच नाही.”

मी आतूनच म्हटलं, “हजेरी चालू हाय.”