लग्नाचा शनिवारचा वर्ग

लग्न लावणाऱ्यापेक्षा लग्न समजावून सांगणाऱ्याकडे किस्से जास्त साचतात. आहेरात आलेले लेमन सेट माळ्यावर साचतात ना, तसे. वापर काही नाही आणि टाकवतही नाहीत!

विश्रांतवाडीच्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये लग्न ठरलेल्या जोड्यांना आधी वर्गाला बसावं लागतं. हा वर्ग दर शनिवारी मी आणि आमचे हे घेतो. वचनं कशासाठी, अंगठी कशासाठी, साक्षीदार कशासाठी, सगळं समजावून सांगतो. पोरं माना डोलावतात. कळत कुणालाच नाही, अशी आता माझी खात्री झाली आहे.

*

खराडीच्या कंपनीतला एक नवरदेव मांडीवर लॅपटॉप घेऊनच वर्गाला बसला होता. म्हणाला, "अंकल, ही प्रार्थना, वचनं वगैरे जरा शॉर्टमध्ये नाही का होणार? सातला डीजे आहे."

हे शांतपणे म्हणाले, "होईल की! नवरीही वगळा. सहालाच पोचाल."

सगळ्यांत मोठ्यानं नवरीच हसली. मला मात्र तिची काळजी वाटली.

*

एका मुलीच्या आईला मी अंगठीचा अर्थ सांगत होते. गोल असते, सुरुवात नाही, शेवट नाही, तसं प्रेम असावं वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे हो. पण मंगळसूत्रात क्रॉस जरा मोठा घालू ना? अंगठी लांबून कुणाला दिसते!"

*

एका लग्नात पाळकसाहेबांनी विचारलं, "हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का?" मुलगा म्हणाला, "होय."

फोटोग्राफर ओरडला, "सर, फोकस गेला! परत एकदा होय म्हणा!"

मुलानं परत म्हटलं. मग व्हिडिओवाल्यासाठी आणखी एकदा. पाळकसाहेब म्हणाले, "लोकांना एकदा म्हटलेलं निभावत नाही. तुला तीनदा म्हटलेलं निभावायचंय, बाबा!"

सगळं चर्च हसलं. वर्षाच्या आत दोघं वेगळी झाली. अल्बम अजून त्या फोटोग्राफरकडेच पडून आहे. न्यायला कुणी येत नाही.

*

घरचाही एक किस्सा आहे. आमच्या मुलीनं, रूथनं, कर्वेनगरच्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. चर्च नाही, पाळक नाही. हे म्हणाले, "वेदीपुढे वचन नाही, ते लग्न नाही. कुणी जायचं नाही." मी गेले. साक्षीदार म्हणून सही करून आले.

त्या दिवसापासून हे घरात माझ्याशी बोलत नाहीत. फ्रिजकडे बघून म्हणतात, "दही संपलेलं दिसतंय." बोलतात ते फक्त शनिवारी, वर्गात. तिथे मी 'माझी सहचारिणी' असते! एक मुलगी तर म्हणाली, "अंकल-आंटी, आम्हाला तुमच्यासारखंच व्हायचंय."

मी म्हटलं, "नको गं बाई."

तिला तो विनय वाटला.

*

वर्गाच्या शेवटी हे एक सराव घेतात. जोडीदाराचा हात धरून वचनं म्हणायची आणि मग मनात अडलेली एक गोष्ट त्याला सांगायची. आधी आम्ही करून दाखवतो. मी नेहमी "तुम्ही चष्मा कुठेही ठेवता" असलं काहीतरी सांगते. पोरं हसतात.

गेल्या शनिवारी ह्यांनी माझा हात हातात घेतला. "सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात" म्हणून झालं. माझी पाळी आली. घरी बोलायची सोय नाही, म्हणून मी तिथेच बोलले.

"अहो, रूथला दिवस गेलेत. तब्येत बरी नाही तिची. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. सारखं विचारते, पप्पा येतील का म्हणून. एकदा चला ना हो."

समोरची एक मुलगी डोळे पुसत होती. ह्यांनी माझा हात घट्ट दाबला. मग त्यांनी तो सोडला आणि वर्गाकडे वळले.

"बघितलंत? इतकं मोकळं बोलता आलं पाहिजे! छान. चला, पुढची जोडी."