गुरुजींची हजेरी

आमच्या हौशी (हॅम) रेडिओवाल्यांची रोज सकाळी सातला हजेरी होते. बोलून नाही, टाइप करून. इकडे लिहिलेली अक्षरं रेडिओवरून जातात आणि सगळ्यांच्या पडद्यावर उमटतात. ही पद्धत आम्ही पाडली ती धामणगाव बढे गावच्या गुरुजींसाठी. मला रेडिओ त्यांनीच शिकवला, आणि घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला होता.

टाइप करायचं हे सॉफ्टवेअर फुकट, सगळ्यांना खुलं. लिहिणारे जगभर विखुरलेले. ते विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालेल असं बांधून, पॅक करून द्यायचं काम मी धाड गावात बसून करतो. बायको म्हणते, फुकटची हमाली. पण मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

यंदा नवी आवृत्ती बांधली. प्रत्येक कॉम्प्युटरवर उघडली, अक्षरं येताना दिसली, दिली पाठवून. आम्हा पॅकिंगवाल्यांची ही खोडच आहे. येतंय ना, मग जातही असेल! रेडिओवरून एक अक्षर पाठवून पाहायचा कंटाळा केला.

त्याच आठवड्यात गुरुजी हजेरीतून गायब झाले. मला वाटलं, रुसले. थोड्याच दिवसांपूर्वी मी त्यांची चेष्टा केली होती, "गुरुजी, तुमचं वाक्य येईस्तोर माह्या चहा थंड होते." मीही तसाच हेकट. साधा मेसेजसुद्धा केला नाही. पंधरा दिवस वाट पाहिली आणि हजेरी घेणाऱ्याला सांगितलं, "काढ बे त्यायचं नाव. किती दिवस पुकारतं?"

मग एका संध्याकाळी गुरुजींच्या घरून काकूंचा फोन आला. "काऊन रे, तुम्ही सगळ्यायनं त्यायच्याशी बोलणं टाकलं काय? रोज सकाळी बसतात, लिहितात. कोणीच उत्तर देत नाही. मंग दिवसभर जेवत नाहीत."

पहाटेच मोटरसायकल काढली.

पोचलो तेव्हा गुरुजी कॉम्प्युटरसमोर बसलेच होते. माझ्याकडे पाहिलं नाही. बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, नमस्कार, मी आलो. पडद्यावर अक्षरं लाल झाली, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी गेली. पण रेडिओच्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. मोतीबिंदूमुळे तो काटा त्यांना दिसत नव्हता. त्यांच्या जुन्या विंडोजसाठी मी जे पॅकेज केलं होतं, त्यात रेडिओला 'पाठव' म्हणून सांगणारा तुकडाच राहून गेला होता. आमच्यात जुनं विंडोज फक्त त्यांच्याकडे.

पेनड्राइव्हवर मागची आवृत्ती होती. घाईघाईनं ती टाकली. तोवर पडद्यावर हजेरी सुरू झाली होती. एकेक नाव येत गेलं. गुरुजी वाकून वाचत होते. यादी संपली.

त्यांनी शेजारची, बोलण्याऐवजी वापरायची पाटी ओढली आणि लिहिलं, "माझं नाव कोणी काढलं?"

"मी, गुरुजी," मी म्हणालो. "माह्यं चुकलं. सगळंच माह्यं चुकलं."

त्यांनी पाटी पुसली. मग ती बाजूला ठेवली, कीबोर्ड जवळ घेतला. या वेळी काटा हलला. सगळ्यांच्या पडद्यावर, हळूहळू, एकेक अक्षर उमटत गेलं:

मी रोज येत होतो.