पाच मिनिटं आणि तिरकमठा

फर्दापूरच्या स्टँडवर बा मला शहराच्या गाडीत बसवायला आला तेव्हा त्यानं डोळे पुसले नाहीत. एवढंच म्हणाला, "तिथं बोलायला शीक पोरी. आपल्या भिलांचं बोलणारं वर कुणीच नाय." वर म्हणजे दिल्लीत. आदिवासींच्या राखीव जागा तिकडे लांब, नंदुरबारसारख्या ठिकाणी. आमच्या मतदारसंघात आम्ही मूठभर, मतदानाच्या दिवसापुरते.

वस्तीवरच्यांनो, आणि माझ्यासारखंच शहरात येऊन आडनाव हळू आवाजात सांगणाऱ्यांनो, मी बोलायला शिकले. शहरात गारखेड्याला एका वकिलाकडे टायपिंग करते, साहेबलोकांशी हिंदीतून हुज्जत घालते. भिली मात्र फक्त फोनवर, तीही दार लावून.

गेल्या लोकसभेला एका उमेदवाराच्या माणसांनी विचारलं, फर्दापूरच्या सभेत आदिवासींतर्फे पाच मिनिटं बोलाल का? मी हुरळले. वस्तीवर आले. अर्ज लिहिताना आपण करतो तसंच केलं: प्रत्येक घरानं एकेक वाक्य सांगितलं, मी लिहून घेतलं, खाली सगळ्यांचे अंगठे. पहिलं वाक्य बाचं: कसतो ती जंगलजमीन आमच्या नावावर करा.

सभेच्या दिवशी मला भाड्यानं आणलेला घागरा घालायला लावला. असला आपल्यात कुणी घालत नाही. हातात तिरकमठा दिला. मी कागद दाखवला तर शहरातला कार्यकर्ता म्हणाला, "मॅडम, आप बस कमान पकडके खडे रहो. बोलनेवाले भोत हैं." आणि मी उभी राहिले. फोटोसाठी हसलेसुद्धा! समोर पहिल्या रांगेत बा, धुतलेला सदरा घालून, कानामागे हात धरून बसलेला. त्या उमेदवाराचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझी मलाच चीड येते. माईक हातभर अंतरावर होता.

सभा उठल्यावर बानं विचारलं, "माईक बंद पडला व्हता का गं?"

"व्हय बा," मी म्हणाले.

"पुढल्या बारीला आधी तपासून घे."

तो उमेदवार निवडून आला. तिरकमठ्यासकट माझा फोटो त्याच्या कार्यालयात लावलाय म्हणे. अंगठ्यांचा कागद गारखेड्याच्या खोलीत माझ्या गादीखाली आहे. घर म्हटलं की आता मला बाचा तो कानामागचा हातच आठवतो. माईक चालू होता, हे ज्या दिवशी त्याला सांगेन त्या दिवशी मी घरी पोचेन. तोवर सणावाराला वस्तीवर नुसती येऊन जाते.