पुढच्या बैठकीपर्यंत

आयर्लंडातल्या किलब्रॅनक गावच्या हर्लिंग क्लबाची, म्हणजे तिथल्या काठी-चेंडूच्या जुन्या देशी खेळाच्या क्लबाची, बैठकवही पंचवीस वर्षं बार्टली नूननेच लिहिली. धंद्याने तो खोगिरं शिवणारा. त्याचा टाका असा की घोडा म्हातारा होई, पण शिवण उसवत नसे. अक्षरही तसंच, घट्ट आणि सरळ. "बार्टलीने लिहिलं म्हणजे ते तसंच झालं," असं गावात म्हणत. हे कानावर पडलं की बार्टली खाली बघायचा. लोकांना वाटे, गडी विनयशील आहे. विनय कसला डोंबलाचा! त्याला त्या वहीतलं एक पान आठवायचं.

ते पान १९१२ सालच्या ऑगस्टमधलं. त्यावर लिहिलं होतं : "कोलमन डर्वन हा जमीनदाराच्या मैदानावर क्रिकेटचा सामना पाहताना आढळला. दोन वर्षं बंदी."

त्या वेळी क्लबाचा नियमच तसा होता. इंग्रजांचा खेळ खेळायचा नाही, आणि कुंपणाशी उभं राहून बघायचाही नाही. बघितला की क्लबाबाहेर. मग तो गावातला सगळ्यात चांगला खेळाडू का असेना, आणि कोलमन तसाच होता. चेंडू त्याच्या काठीवर आला की म्हातारे बोलता बोलता थांबायचे.

कोलमन लोहार. त्या शनिवारी जमीनदाराच्या घोडीची नाल निघाली म्हणून त्याला बोलावणं आलं. नेमका बार्टलीही दुरुस्त केलेलं खोगीर पोचवायला तिथेच गेलेला. घोडी बुजत होती, म्हणून कोलमन नाल ठोकत असताना बार्टलीने तिचं तोंड धरलं. काम झाल्यावर दोघे भिंतीशी टेकले. पलीकडे पांढऱ्या कपड्यांतली मंडळी खेळत होती.

"काय रे हा खेळ!" कोलमन म्हणाला. "निम्मे तर नुसते उभेच आहेत."

"चहाची वाट बघत असतील," बार्टली म्हणाला. दोघे पोट धरून हसले, दहा मिनिटं उभे राहिले आणि घरी गेले.

रविवारी प्रार्थनेनंतर शाळेच्या खोलीत समितीची बैठक बसली. फादर लव्हेल अध्यक्ष. त्यांनी येताच विचारलं, "काल आपल्यातलं कोणीतरी क्रिकेट बघायला गेलं होतं म्हणे. कोण ते?"

आपल्यालाच कोणी पाहिलं, असं बार्टली धरून चालला. "कोलमन होता, फादर," तो म्हणाला. "मी रस्त्याने जाताना पाहिलं."

घाबरून तोंडातून निघून गेलं, असं तो पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत राहिला. पण ते पुरतं खरं नव्हतं. अंतिम सामना पंधरा दिवसांवर होता, आणि त्याचा धाकटा भाऊ फेस्टस सबंध उन्हाळा राखीव म्हणून बाकावर बसून होता. बोलता बोलता बार्टलीला फेस्टस आठवला होता. हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

कोलमन समोरच बसला होता. "मी नाल मारायला गेलो होतो, फादर."

"आणि नाल मारून झाल्यावर? सामना पाहिलास की नाही?"

"पाहिला. दहा मिनिटं."

"मग संपलंच की."

कोलमनने मान वळवली. "रस्त्याने जाताना पाहिलंस काय रे, बार्टली?"

"हो," बार्टली म्हणाला.

कोलमनने एक शब्द उच्चारला असता तर बार्टलीही त्याच दाराने बाहेर गेला असता. कोलमनने टोपी उचलली आणि तो निघून गेला.

अंतिम सामन्यात कोलमनच्या जागी फेस्टस खेळला. तीन सोपे चेंडू त्याने घालवले आणि गाव हरलं.

क्लबाची एक रीत होती. मागच्या बैठकीचं लिहिलेलं पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचायचं. "कोणाची काही दुरुस्ती?" असं अध्यक्षांनी विचारायचं, आणि कोणी बोललं नाही की सही करायची. एकदा सही झाली की वहीतलं खरं. ती पुढची बैठक महिनाभराने झाली. ते पान बार्टलीने स्वतःच्याच तोंडाने वाचलं. आज बोलायचंच, असं ठरवून तो घरून निघाला होता. फादरनी दुरुस्ती विचारली, आणि हा मूग गिळून बसला. फादरनी सही केली.

त्याच आठवड्यात कोलमन अमेरिकेच्या बोटीत चढला. तिसऱ्या वर्षी तिकडच्या तांब्याच्या खाणीत छत कोसळून तो गेला.

बार्टलीने दूरच्या शहरात जाऊन अनोळखी पाद्र्याजवळ पापाची कबुली दिली. क्षमा मिळाली, पण मनापर्यंत काही ती पोचली नाही. कोलमनची आई, होनर डर्वन, एकटीच राहिली होती. दर उन्हाळ्यात बार्टली तिला जळणाची गाडी भरून नेऊन देई, छप्पर शाकारून देई. ती चहा ठेवी, ब्रेड कापी, समोर बसे. तो चहा पिऊन उठे आणि निघून जाई.

१९३४ साली क्लबाला पन्नास वर्षं झाली. गावच्या सभागृहात दुपारी सगळे जमले. मागच्या टेबलाशी बायका चहा ओतत होत्या, त्यात होनरही होती. नवे तरुण फादर मल्क्वीन हौसेने जुन्या वहीतली पानं वाचत होते. लोक हसत होते. तेवढ्यात ते पान आलं. नाव ऐकताच हसू थांबलं. फादरना बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यांनी गमतीने विचारलं, "कोणाची काही दुरुस्ती?"

बार्टली उभा राहिला.

"माझी आहे, फादर. मी रस्त्यावर नव्हतो. मी आतच होतो. घोडीचं तोंड मी धरलं होतं आणि सामनाही कोलमनच्या शेजारी उभा राहून पाहिला. मी त्याला पुढे केलं आणि स्वतः लपलो."

फादर गोंधळले. "दुरुस्तीला... अनुमोदन लागतं," ते पुटपुटले. माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली.

"माझं आहे," मागून होनर म्हणाली. हातातली किटली तिने खाली ठेवली. बायका क्लबाच्या सभासद नव्हत्या, पण ते बोलून दाखवायची कोणाची छाती झाली नाही. ती पुढे आली.

"मिसेस डर्वन," बार्टली म्हणाला, "मी तुम्हाला..."

"मला ठाऊक होतं रे. त्याच रविवारी सांगितलं त्याने मला."

"बावीस वर्षं?"

"बावीस वर्षं. दर उन्हाळ्याला वाटायचं, आज सांगेल. चहा पिऊन जायचास तू." तिने वहीवर बोट ठेवलं. "लिही आता. पण अर्धवट लिहू नकोस या खेपेला. त्याची ठरलेली बोट त्या पुढच्या बैठकीच्या आधीच्या आठवड्यातली होती. त्याने ती जाऊ दिली. म्हणाला, आई, पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो, बार्टली बोलेल. तेही लिही."

फादरनी लेखणी पुढे केली. बार्टलीने लिहिलं. एवढ्या वर्षांत प्रथमच ओळ वाकडी गेली. मग रीतीप्रमाणे त्याला ते मोठ्याने वाचावं लागलं. "बार्टली बोलेल" या शब्दांवर तो अडखळला, पण होनर ऐकायला तशीच उभी होती, म्हणून त्याने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.