आतोबांचे व्हिसे

माझ्या आतोबांइतके धंदे एका जन्मात अख्ख्या चिंचणीत कुणी बदलले नसतील, आणि वेल्डिंग सोडलं तर त्यांतला एकही त्यांना येत नव्हता. त्या वेल्डिंगच्याच जोरावर धाकट्या आत्याचा हा नवरा बोईसरच्या कारखान्यातून उठून दुबईला गेला. दोन वर्षांनी कंत्राट आणि व्हिसा एकाच दिवशी संपले तसा परत आला, आणि पेटी उघडायच्या आधीच परत जायच्या मागे लागला. वेल्डरच्या जागा भरलेल्या. बोईसरच्या एजंटने विचारलं, "दूसरा कोई काम आता है?" आतोबा छाती फुगवून म्हणाले, "सब आता है!"

मग जो व्हिसा निघेल त्याचा सराव घरात. न्हाव्याचा निघाला तेव्हा त्यांनी अर्धी आळी भादरली. सुतक नेमकं कुणाच्या घरी, हे पाहुण्यांना कळेना. आचाऱ्याचा निघाला तेव्हाची बिर्याणी हुंगून आमची मांजरं, खोटं सांगत नाही, आठवडाभर दूधभातावर राहिली. दर वेळी एजंट परीक्षा घेई, आतोबा नापास होऊन येत, आणि आत्या चेहरा जमेल तेवढा पाडून त्यांच्या आवडीचा बोंबलाचा रस्सा करी. "जाव द्या. आता हितंच ऱ्हावा तुमी," एवढंच म्हणे.

शेवटी निघाला मच्छीमाराचा. घराणं कोळ्याचं, पण होडीत पाय ठेवला की आतोबांना ओकारी येई. जाळ्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. परीक्षा मात्र फाटकं जाळं विणून दाखवायची. चार दिवस ते सुईशी झुंजले. जाळ्यात ते स्वतःच दोनदा अडकले. मी त्यांना कात्रीने सोडवलं. पाचव्या दिवशी आत्या ओट्यावर त्यांच्याशेजारी येऊन बसली. माझ्या आजोबांची जाळी तिनेच विणलेली.

"गाठ अशी नाय. दोरा बोटाखालून घ्या. वढा. घट्ट!"

"तू शिकवतंस मला?"

"मंग कोन शिकवील? तोंड पाडून बसता, त्ये मना बघवत नाय."

परीक्षेत आतोबांनी विणलेलं जाळं एजंटने दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. एकही गाठ सुटली नाही. आतोबा गेले, आणि पुढची चार वर्षं परक्या समुद्रात ओकत ओकत मासे धरत राहिले.

ते गेले त्या संध्याकाळी आत्या सरावाचं जाळं गुंडाळत ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, "आत्या, कमाल केलीस तू!"

ती गाठींवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "येक तरी सैल शिकवाया होवी होती रे."